भाड्याचे अंगण

चिरंजिवांनी भाड्याने घेतलेले घर २०२५ च्या जूनअखेर सोडावयाचे ठरले, तेव्हा सामानापैकी एका गोष्टीविषयी घरात एकमत होईना. पलंग आमचे, कपाटे आमची, पडदे मालकाचे, इथपर्यंत सर्व सुरळीत होते. मेझुझाविषयीही वाद नव्हता. ती लावणे हे मालकाचे नव्हे, राहणाऱ्याचे कर्तव्य आहे, आणि घर यहुदी नसलेल्याचे असेल तर जाताना ती काढून न्यावी असे आपले शास्त्र सांगते. त्याप्रमाणे ती काढून डब्यात ठेवली. प्रश्न उरला तो परसातल्या अंजिराचा. ते झाड मी लावले होते, मालकाच्या जमिनीत, आणि खरे सांगावयाचे तर मालकाला न विचारता.

प्रश्न किरकोळ आहे हे कबूल. पण आपल्या मंडळींपैकी पुष्कळ जण आज देशोदेशी भाड्याच्या घरांत राहत आहेत, त्यांतल्या अनेकांना चार हात अंगण आहे, आणि कोकणच्या रक्ताला माती दिसली की हात आवरत नाही. म्हणून हे लिहीत आहे.

आम्ही राहतो ते कॅरी हे उत्तर कॅरोलायना राज्यातले गाव. गाव म्हणावयाचे ते सवयीने. १८७१ साली ते रीतसर स्थापन झाले, ओहायोच्या सॅम्युअल केरी नावाच्या दारूबंदीच्या पुरस्कर्त्यावरून त्याचे नाव पडले, आणि १९६० सालापर्यंत वस्ती साडेतीन हजारांच्याही आत होती. १९५९ साली शेजारी संशोधन संस्थांचे आणि कंपन्यांचे मोठे उद्यान निघाले आणि लोकांचा ओघ सुरू झाला. २०२० च्या खानेसुमारीत संख्या पावणेदोन लाखांच्या घरात गेली. जुने रहिवासी कॅरीच्या इंग्रजी अक्षरांचा थट्टेने असा विग्रह करतात की, उत्तरेकडून आलेल्या उपऱ्यांना एकत्र कोंडून ठेवण्याची जागा. आम्ही तर उत्तरेकडूनही नव्हे. अलिबागहून मुंबई, मुंबईहून १९७१ साली इस्राएल, आणि म्हातारपणी मुलाच्या मागून येथे. उपऱ्यांतही उपरे.

येथे भाड्याचे घर अंगणावरून ओळखू येते. माती तांबडी, चिकण. पाऊस पडला की लोण्यासारखी आणि उन्हात विटेसारखी. तिच्यावर फेस्क्यू नावाचे गवत लावतात. ते थंडीत हिरवे राहते आणि ऐन उन्हाळ्यात मान टाकते. मग सप्टेंबरात टक्कल पडलेल्या जागी नवे बी पेरावे लागते. घरमालक स्वतः राहत असेल तर तो पेरतो. भाडेकरू का पेरील? बी उगवून गालिचा होईतो त्याची मुदत संपलेली असते. म्हणून ज्या घरापुढे सप्टेंबरातही टकलाचे डाग दिसतात, तेथे भाडेकरू राहतो असे शेजारी समजतात, आणि बहुधा चुकत नाहीत. वसाहतीत घरमालकांची संघटना असते. गवत वाढले की तिचे पत्र मालकाच्या पत्त्यावर जाते, मालकाकडून एजंटाकडे आणि तेथून भाडेकरूकडे. तोवर गवत आणखी चार बोटे वाढलेले. या राज्याच्या कायद्याप्रमाणे अशी संघटना सुनावणी घेऊन दिवसाला शंभर डॉलरपर्यंत दंड करू शकते. दंड मालकाला होतो, पण शेवटी खिसा कोणाचा हलका होतो हे सांगावयास नको.

आमच्या भाडेपट्ट्यात लिहिले होते की अंगण जसे मिळाले तशा स्थितीत परत करावे. या वाक्याजवळ मी फार दिवस अडून बसलो. भिंत जशी मिळाली तशी परत करता येते, दार येते, मोरी येते. अंगण कसे येणार? ते एक महिना तसेच ठेवले तर तसे राहत नाही. गवत वाढते, पाने पडतात, वेल कुंपणावर चढतो. जिवंत वस्तू एक तर सुधारते, नाही तर बिघडते. तिला जागच्या जागी उभे करून ठेवण्याची सोय देवाने केलेली नाही. डिपॉझिटाचा कायदाही पहा. घर सोडल्यावर मालकाने तीस दिवसांत हिशोब द्यावा आणि नेहमीच्या वापराने झालेल्या झिजेचे पैसे कापू नयेत असे तो सांगतो. हे न्यायाचे आहे. पण झिजेसाठी कायद्यात शब्द आहे, वाढीसाठी नाही. तीन वर्षांत सतरंजी किती झिजली ते एजंट वाकून पाहतो. तीन वर्षांत माती किती सुधारली हे पाहावयास कोणी वाकत नाही.

आपल्या मिश्नेत बाबा मेसिया या भागात घर आणि शेत भाड्याने घेणाऱ्यांचे नियम आले आहेत. दार, कडी, कुलूप, आणि ज्याला कारागीर लागतो ते सर्व मालकाने करावे. कारागिरावाचून होण्यासारखे काम राहणाऱ्याने करावे. हा दंडक अंगणालाही बरोबर लागू पडतो. वाकलेला पाइन कापणे मालकाचे, गवत कापणे आमचे. शेत कसणाऱ्याने त्या गावची जी रीत असेल तीप्रमाणे कसावे: जेथे कापतात तेथे कापावे, जेथे उपटतात तेथे उपटावे. आणि शेत घेऊन पडीक टाकले तर ते किती पिकले असते याचा अंदाज करून मालकाचा वाटा भरून द्यावा. म्हणजे नुसते नुकसान न करणे पुरेसे नाही, हात न लावणे हाही एक दोषच. त्याच भागात आणखी एक गमतीची गोष्ट आहे. आवारात पडलेले शेण-खत मालकाचे, आणि चुलीतून-भट्टीतून निघालेली राख तेवढी भाडेकरूची. मी येथे घरामागे पानांचा ढीग करून खत करू लागलो, तेव्हा एजंटाची चिठ्ठी आली की कचरा हलवावा. शरद ऋतूत गावाची गाडी येऊन रस्त्याकडेची पाने ओढून नेते, तिच्या स्वाधीन करावा. ज्या खताच्या मालकीबद्दल आपल्या शास्त्र्यांनी निर्णय दिला, ते येथे कोणालाच नको होते. असो.

या मातीत चुना घालावा लागतो हे मला शेजाऱ्याने सांगितले. मातीचा नमुना खोक्यात भरून राज्याच्या शेतकी खात्याच्या प्रयोगशाळेत पाठवता येतो. एप्रिलपासून नोव्हेंबरपर्यंत त्याचे पैसेही पडत नाहीत. आमची माती आंबट निघाली. मी चुन्याची दोन पोती आणावयास सांगितली, तेव्हा मुलगा म्हणाला, “बाबा, चुन्याचा गुण यायला सहा महिने लागतात. आपण असू का तोवर?” मी म्हटले, माती असेल. तो हसला आणि पोती आणली. पण त्याचा प्रश्न चुकीचा होता असे मी म्हणणार नाही. त्याच्या पगारातून मालकाची जमीन सुधारत होती, आणि मालक त्या सुधारलेल्या जमिनीचे भाडे पुढच्या वर्षी वाढवू शकत होता.

अंजिराचे तसे नव्हते. ते मी कोणाच्या भल्यासाठी लावले नाही. २०२२ च्या मार्च महिन्यात शेजाऱ्याने आपल्या झाडाची छाटणी केली, फांद्या रस्त्याकडेला टाकल्या, त्यांतली एक मी उचलली आणि दक्षिणेच्या भिंतीजवळ, उबेला, मातीत खोचली. वाटले, काडी ती काय, आणि तिच्यासाठी परवानगी ती काय मागावयाची? आमची मंडळी तेव्हाच म्हणाली होती, “परक्याच्या जमिनीत खड्डा करायच्या आधी विचारायचं तरी!” मी ऐकले नाही. अंजीर येथे चांगले लागते. कडक थंडीत वरून जळाले तरी बुडातून पुन्हा फुटते. पहिल्या हिवाळ्यात ते जळाले, दुसऱ्या वर्षी कंबरेपर्यंत आले, आणि तिसऱ्या वर्षी माझ्या डोक्यावर गेले.

फळाचा प्रश्न निराळा. तोरेत लेवीयाच्या एकोणिसाव्या अध्यायात सांगितले आहे की लावलेल्या झाडाचे पहिल्या तीन वर्षांचे फळ खाऊ नये, चौथ्या वर्षीचे परमेश्वराच्या स्तुतीसाठी पवित्र मानावे, आणि पाचव्या वर्षापासून खावे. हा ओर्लाचा नियम एरेस इस्राएलच्या बाहेरही पाळावयाचा आहे. आमचा भाडेपट्टा एक एक वर्षाचा. ज्याचा करार बारा महिन्यांचा आणि ज्याच्या झाडाला तीन वर्षे सोवळे, त्याने झाड लावावे तरी कशाला, असे मला पुष्कळांनी विचारले. पण नवलाची गोष्ट अशी की तीन वर्षे निघाली. २०२५ च्या एलियाहू हन्नाबीच्या उरुसाला, म्हणजे शेवात महिन्याच्या पंधरवड्याला, मलिद्याच्या ताटापुढे बसून मी मोजणी केली, आणि यंदाचे फळ, चौथ्या वर्षाचा विधी करून, तोंडी लागेल असे ठरवले. मे महिन्यात मालकाने कळवले की घर विकावयाचे आहे. जूनमध्ये आम्ही खोकी भरू लागलो तेव्हा फळे सुपारीएवढी, हिरवी होती.

घरात तीन पक्ष पडले. सूनबाई म्हणाली, झाड तुम्ही लावलं, पाणी तुम्ही घातलं, तेव्हा ते मुळासकट काढून न्यायचं. मुलगा म्हणाला, खड्डा दिसला की डिपॉझिटातून कापतील, राहू द्या. आमची मंडळी म्हणाली, ज्याची जमीन त्याला विचारा, तीन वर्षांमागं विचारायचं ते आता विचारा.

गंमत अशी की हाच खटला तलमुदात बाबा मेसियात आहे. एकाने दुसऱ्याच्या शेतात न विचारता झाडे लावली. पुढे तो म्हणतो, माझी झाडे मला काढून न्यावयाची आहेत. त्याचे ऐकावे काय? पडक्या घरात कोणी न विचारता बांधकाम केले आणि तो आपली लाकडे-दगड परत मागू लागला, तर त्याचे ऐकावे, पण शेतात झाडे लावणाऱ्याचे ऐकू नये, असे रब्बी योहानान यांच्या नावाने सांगितले आहे. का? एक म्हणतात, एरेस इस्राएलची भूमी ओसाड होऊ नये म्हणून. दुसरे म्हणतात, झाडाने जमिनीतला कस घेतलेला आहे म्हणून. ते उपटले तर जमीन तेवढी दुबळी राहील. या दोन कारणांत फरक कोठे पडतो? एरेस इस्राएलच्या बाहेर! पहिले कारण धरले तर कॅरीतले अंजीर मला नेता येते. दुसरे धरले तर येत नाही. तांबड्या चिकणमातीचा त्यात काही भाग गेलेला आहे, आणि तो मी परत करू शकत नाही.

मला दुसरे कारण पटते. पण ते का पटते हे सांगावयाचे तर घरची एक जुनी गोष्ट उघडी करावी लागते, आणि ती मी आजवर लिहिलेली नाही.

अलिबाग तालुक्यात आमची नारळाची वाडी होती. गावाचे नाव देत नाही, कारण त्या वेळच्या कुळाची नातवंडे तेथे नांदत आहेत. वाडी आजोबांनी लावली. ते १९३८ साली वारले, वडील मुंबईस गिरणीत लागले आणि वाडी खंडाने दिली. त्यानंतर आमच्या घरच्या कोणी रहाटाला हात लावला नाही. आम्ही मे महिन्यात जात असू, शहाळी पीत असू, आणि खंडाचे नारळ पोत्यात भरून आणीत असू. पुढे कूळकायदा आला. मूळ कायदा १९४८ चा. आणि १ एप्रिल १९५७ हा दिवस कसणाऱ्याचा ठरून त्या दिवसापासून कूळ मालक समजले गेले. मालकीण विधवा असेल तर ही तारीख पुढे जाई. आमची आजी होती म्हणून वाडी राहिली. ती १९६३ साली गेली, आणि दोन वर्षांनी प्रकरण शेतजमीन न्यायाधिकरणापुढे आले. मी सतरा वर्षांचा होतो, वडिलांबरोबर गेलो होतो.

किंमत ठरवण्याची रीत अशी होती: आकाराच्या वीस ते दोनशे पटींच्या आत जमिनीचे मोल, आणि शिवाय मालकाने बांधलेली विहीर व मालकाने लावलेली झाडे यांची किंमत. म्हणजे सारा प्रश्न येऊन ठेपला तो झाड कोणी लावले यावर. वडील म्हणाले, बासष्टच्या बासष्ट माड आमच्या वडिलांनी लावले. कूळ म्हणाला, चाळीस त्यांचे, बावीस मी वादळात पडलेल्यांच्या जागी लावले. कागद कोणाकडेच नव्हता. माडाला तारीख कोण लिहून ठेवतो? तेव्हा तो माणूस साहेबांना म्हणाला, “चाळीस त्येंनी लावले, खरं हाय. पन उन्हाळ्यात रहाट कोन धरीत होता, त पन लिवा.” साहेबांनी ते लिहिले की नाही मला ठाऊक नाही. त्या वाक्यासाठी कायद्यात रकाना नव्हता.

कुळाने वाडी खाल्ली, हे वाक्य आमच्या घरात मी हजार वेळा ऐकले आहे. इस्राएलला गेल्यावरही ऐकले. वडील शेवटपर्यंत त्या माणसाचे नाव घेत नसत. आणि मीही, अगदी परवापरवापर्यंत, आपली लूट झाली असे मानीत आलो. कॅरीत उन्हाळ्यात संध्याकाळी नळी धरून मी अंजिराच्या आळ्यात पाणी सोडीत असे तेव्हा प्रथम मनात आले, की आज मी कुंपणाच्या त्या बाजूला उभा आहे. मालक दुसऱ्या राज्यात राहतो. त्याने हे अंगण तीन वर्षांत पाहिलेले नाही. सुनेने “पाणी तुम्ही घातलं” म्हटले तेव्हा माझ्या कानात अलिबागच्या कचेरीतले शब्द वाजले. सत्तावीस वर्षे रहाट धरणाऱ्याला जे मी नाकारले, ते तीन वर्षे नळी धरून मी कसे मागू?

आमच्या त्याच तालुक्यात चरी गावच्या आणि आसपासच्या कुळांनी १९३३ ते १९३९ अशी सहा वर्षे खोतांची शेते पडीक ठेवली होती. नारायण नागू पाटील त्यांचे पुढारी होते, आणि डॉ. आंबेडकरांनी १९३७ साली मुंबईच्या विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे बिल मांडले. त्या सहा वर्षांत कुळांनी लाकूडफाटा विकून पोट भरले, पण नांगर धरला नाही. पडीक टाकणाऱ्याने भरपाई द्यावी असे मिश्ना म्हणते. पण मालकाचा वाटा काढल्यावर कसणाऱ्याला उरतेच काय, हा प्रश्न चरीच्या लोकांनी विचारला. आमचे आजोबा खोत नव्हते. तरी वाडीचा खंड किती होता आणि तो कोणी ठरवला, हे मी वडिलांना कधी विचारले नाही. आता विचारावयास कोणी नाही.

तरीही दोन्ही गोष्टी एकाच तराजूत घालणे बरे नव्हे, हेही लिहिले पाहिजे. त्या माणसाचे पोट वाडीवर होते; माझे मुलाच्या पगारावर. येथला मालक म्हणजे जमीनदार नव्हे. कर्ज काढून एक घर घेतलेला आणि नोकरीसाठी दूर गेलेला, आमच्या मुलासारखाच एक. आणि आजोबांनी चाळीस माड लावले होते हे खुद्द कुळाने कबूल केले होते. आमचे दुःख खोटे नव्हते. फक्त त्या दुःखात रहाटाचा आवाज आम्ही कधी ऐकला नाही, एवढेच. यिर्मयाने बाबेलच्या बंदिवानांना पत्र लिहून तेथेच बागा लावावयास सांगितले, आणि स्वतः मात्र वेढ्यात सापडलेल्या यरुशलेमातून अनाथोथचे शेत सतरा शेकेल मोजून, साक्षीदार बोलावून, कागद करून विकत घेतले. बागा लावा म्हणताना त्या मातीचा मालक कोण हे तो सांगत नाही. मला वाटते बंदिवानांनी ते त्याला विचारले असावे.

शेवटी मी मंडळींचे ऐकले. मालकाला पत्र लिहिले, मुलाने ते इंग्रजीत नीट केले. लिहिले की तीन वर्षांपूर्वी मी आपल्या परवानगीशिवाय झाड लावले, ती माझी चूक. ते काढावे की ठेवावे हे आपण सांगाल तसे करू. चार दिवसांनी उत्तर आले, दोन ओळींचे, सौजन्याचे. झाड असल्याचे त्याला माहीतच नव्हते. आपल्या मर्जीप्रमाणे करा. घर घेणारा परसात फरसबंदी करणार आहे असे ऐकतो.

हे उत्तर वाचून मी पुन्हा घोटाळ्यात पडलो. फळझाडाचा नाश करू नये ही आज्ञा आहे. जे मी ठेवणार ते दुसरा तोडणार असेल तर ठेवण्यात पुण्य काय? सूनबाईने कुदळ काढून ठेवली होती. पण सुपारीएवढी फळे लागलेले, खोल गेलेले झाड जून महिन्यात उपटले तर तेही बहुधा जगले नसते. आणि खरे सांगतो, ते काढताना मला माझा विश्वास वाटला नसता, की मी झाड वाचवतो आहे की माझे म्हणून नेतो आहे. मी ते ठेवले. शेवटच्या दिवशी आळे भरून पाणी दिले, भोवती पाइनच्या वाळल्या पानांचे आच्छादन केले, आणि एजंटाला झाड दाखवले. तो म्हणाला, छान आहे, आणि यादीत काही लिहिले नाही. डिपॉझिट पुरे मिळाले.

फेब्रुवारीत छाटणी केली तेव्हा त्याच झाडाच्या दोन काड्या मी कुंडीत खोचल्या होत्या, हे सांगावयाचे राहिले. त्यांतली एक फुटली. ती कुंडी आम्ही बरोबर आणली. त्या काडीतही मालकाच्या मातीचा कस आहे, असे मी निघताना म्हटले, तेव्हा मंडळी म्हणाली, “आता कुंडीचाही खटला चालवणार का?” आणि गाडीत बसली.

आता आम्ही शेजारच्या एपेक्स गावी आहोत. घर भाड्याचेच, करार बारा महिन्यांचा. या खेपेस मी कुंडीतले झाड जमिनीत लावण्यापूर्वी मालकिणीला पत्र पाठवले आहे. उत्तर अजून आलेले नाही. कुंडीच्या बुडच्या भोकातून मूळ बाहेर डोकावू लागले आहे.